आईच्या खोलीची जमीन

जुलैमधला एक दिवस असतो, दर वर्षी येतो. सलग आठ-दहा दिवस पाऊस कोसळून झालेला असतो, घरातली प्रत्येक गोष्ट गार आणि दमट, उशीसुद्धा, आणि मग एका सकाळी ढग थोडे फाटतात, कोमट वारा सुटतो, आपल्याला वाटतं चला आता कपडे वाळतील, आणि नेमकी त्याच दिवशी घरातली सगळी जमीन ओली होते. कुणी पाणी सांडलेलं नसतं, कौलं गळत नसतात, तरी लादीवर दवासारखे बारीक थेंब येतात, मग थेंबांचं पातळ पाणी होतं, पेपर खाली ठेवला तर चिकटतो, चाललं की पावलं उमटतात. आमच्याकडे म्हणतात, जमिनीला घाम आला.

२०२३च्या जुलैत त्या घामावरून आई पडली. पहाटे बाथरूमला उठली, खाटेपासून चार पावलांवर पाय सरकला, हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. पण हाताच्या दुखण्यापेक्षा मला जास्त लागलं ते नंतरचं, की ती जमिनीवर बसायची बंद झाली. भिंत धरून चालायची, लादीवर पाऊल टाकायच्या आधी थांबून बघायची, जशी कुणी नदीच्या काठावर बघतं तशी.

आईचं सगळं आयुष्य जमिनीवर आहे हे सांगायला हवं. खुर्चीवर ती पाहुण्यासारखी बसते, टेकून बसत नाही. आदोळीवर नारळ खवणं जमिनीवर, तांदूळ निवडणं जमिनीवर, चवथीला गणपतीवर टांगतात त्या माटोळीची फळं-कंगलं बांधायची तीही जमिनीवर पसारा मांडून, आणि दुपारची झोप चटईवर. खाट डॉक्टरांनी घ्यायला लावली ती रात्रीपुरती. तिच्यासाठी जमीन म्हणजे टेबल, खुर्ची, पलंग सगळं. आपल्या घरांमधे सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू जमीन आहे आणि घर बांधताना आपण तिचा फक्त रंग आणि डिझाईन बघतो, हे मला ते प्लास्टर उतरेपर्यंत कधी सुचलंही नव्हतं.

आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यातलं, चिऱ्याचं, मंगळुरी कौलांचं, पुढे वसरी, मग माजघर, देवखोली आणि मागच्या बाजूला आईची खोली. आजोबांनी बांधलं तेव्हा जमीन मातीची होती. आजी सांगायची की त्यासाठी वारुळाची माती आणली होती, ती चिकट असते आणि बसली की फुटत नाही, धुमसाने ठोकून ठोकून बसवली, मग चोपण्याने चोपली, आणि वर शेणाचा सारवा. देवखोली काळीशार होती. नारळाच्या करवंट्या जाळून त्याची काजळी, आणि पुढे पुढे जुन्या बॅटरीच्या सेलमधली काळी पूड, हे शेणात कालवून सारवायचं आणि गुळगुळीत दगडाने घासत बसायचं, चमक येईपर्यंत. मग १९७०च्या आसपास त्यावर लाल कोबा आला. आणि २००८ साली दिवाळीच्या आधी आम्ही हौसेने सगळ्या घराला दोन बाय दोनच्या चकचकीत व्हिट्रिफाईड लाद्या बसवल्या, कोबा टाचून, त्याच्यावरच. तेव्हापासून घाम.

मातीच्या जमिनीला घाम यायचा का, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, "येत असेल गो, पण दिसायचा नाही. जमीन पिऊन टाकायची."

हे वाक्य मी पुढचे कित्येक महिने डोक्यात घेऊन फिरले, कारण ते अगदी बरोबर आहे. मातीत आणि शेणात बारीक छिद्रं असतात, हवेतला ओलावा ती आत ओढून घेतात आणि ऊन पडलं की सोडतात. लादी काही पीत नाही. तिच्यावर जे जमतं ते तिच्यावरच राहतं.

पण आधी खात्री करायची होती की पाणी वरून येतंय की खालून. गावात ज्याला विचारलं त्याने वॉटरप्रूफिंग सांगितलं. एक जण येऊन बघून गेला आणि भिंतीत भोकं पाडून केमिकल भरायचं कोटेशन देऊन गेला, जमिनीला हातही न लावता. मग मी साधी गोष्ट केली. जाड प्लॅस्टिकचे हातभर लांबी-रुंदीचे तुकडे कापले आणि प्रत्येक खोलीत जमिनीला चारी बाजूंनी टेप मारून चिकटवले, दोन दिवस तसेच ठेवले. प्लॅस्टिकच्या वरच्या अंगाला पाणी आलं तर ते हवेतलं, खालच्या अंगाला आलं तर ते जमिनीतून चढलेलं. लादीवर हे सांध्यांवरून करावं लागतं, कारण लादीतून काही येत नाही, जे येतं ते सांध्यांतून. आईच्या खोलीत प्लॅस्टिक वरून निथळत होतं आणि खालून जवळजवळ कोरडं. देवखोलीत दोन्हीकडून ओलं. म्हणजे दुखणी दोन होती आणि औषधं पण दोन लागणार होती.

हवेतल्या पाण्याचं गणित असं आहे. हवा जितकी गरम तितकी वाफ जास्त धरते, आणि ती थंड होत गेली की एका तापमानाला तिला ती वाफ धरवत नाही, पाणी होतं. तो दवबिंदू. आता २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता, जी आमच्याकडे जुलैत कुठल्याही सकाळी असते, तिचा दवबिंदू साधारण २६.२ अंश. म्हणजे घरातली कुठलीही वस्तू २६.२च्या खाली असली की तिच्यावर पाणी जमणारच, बस. कोविडमध्ये घेतलेली ती कपाळावर धरायची गन घरात पडून होती, तिच्यात वस्तूचं तापमान मोजायचा पण मोड असतो, ती लादीवर धरली तर २५.५. लाकडी खाटेच्या पायावर धरली तर २७.५. खाट कोरडी होती. फक्त दोन अंशांचा फरक, आणि त्या दोन अंशांत आईचं मनगट.

लादी गार का, तर लादीखाली कोबा, कोब्याखाली माती, मातीखाली सगळा डोंगर, आणि आठवडाभराच्या पावसाने ते सगळं गार झालेलं असतं. हवा अर्ध्या तासात गरम होते, पण त्या एवढ्या ढिगाऱ्याला गरम व्हायला दिवस लागतात. लादी त्या ढिगाऱ्याला घट्ट चिकटलेली आहे, ती बिचारी एकटी कशी गरम होणार? तिला खालच्या मातीपासून सोडवली तर ती खोलीतल्या हवेबरोबर गरम होईल, हवेबरोबर गार होईल, आणि दवबिंदूच्या वर राहील. हे कळलं तेव्हा मी रात्री अकरा वाजता कागदावर जमिनीचं चित्र काढत बसले होते, खरंच.

माझा चुलत भाऊ इंग्लंडला असतो, स्विंडनमध्ये, तिथे आपले गोव्याचे बरेच लोक आहेत. तो जमिनीचंच काम करतो, घरांना स्क्रीड, म्हणजे सिमेंट-वाळूचा सपाट थर, घालायचं. त्याला फोटो पाठवला तर त्याचा दहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. तिकडे म्हणे जमिनीखाली १०० ते १५० मिलिमीटर जाड इन्सुलेशनचे बोर्ड घालतात, त्यावर सिमेंट-वाळूचा थर तरंगता ठेवतात, म्हणजे खाली कशाला चिकटलेला नाही, बाजूला भिंतीला पण चिकटलेला नाही, आणि त्या थरात गरम पाण्याचे पाइप फिरवतात, घर ऊबदार राहावं म्हणून. मी म्हटलं आम्हाला ऊब नको, आम्हाला घाम नको. तो म्हणाला, काम तेच आहे ताई, फक्त जाडी कमी कर. तिकडे घर आणि जमीन यांच्यात हिवाळाभर दहा-दहा अंशांचा फरक असतो, तुमच्याकडे दोन-तीन अंशांचा. २५ मिलिमीटर बास झालं.

२५ मिलिमीटर म्हणजे एक इंच. मला ते फारच कमी वाटलं, म्हणून आकडे काढून बघितले. निळ्या-गुलाबी रंगात मिळतो तो एक्सपीएसचा, म्हणजे कडक फोमचा बोर्ड, त्याचा एक इंच उष्णतेला जेवढा अडवतो तेवढं अडवायला काँक्रीट जवळजवळ एक मीटर जाड लागेल. एक मीटर! कमरेपर्यंत. आत बाकी काही नाही, बंद बुडबुड्यांत कोंडलेला वायू, एवढंच.

मग आला खरा प्रश्न, आणि तो विचारला आमच्या मेस्तांनी, ज्यांनी २००८च्या लाद्या पण बसवल्या होत्या. त्यांचं वय आता पासष्टच्या पुढे. सगळं ऐकून घेतलं, विडी विझवली, आणि म्हणाले, "बाय, पावसाचं कळलं. पण मे महिन्यात काय करणार? मेमध्ये माणूस जमिनीवर आडवा होतो तो जमीन गार असते म्हणून. ती गारी तू बंद करून टाकणार."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण ते बरोबर होते. जमीन काही मीटर खाली वर्षभर जवळपास एकाच तापमानाला असते, त्या जागेच्या वर्षाच्या सरासरीइतकी, आपल्याकडे २७च्या आसपास. तीच माती जुलैत शत्रू आणि मेमध्ये मित्र. तिकडच्या थंड देशांत हा प्रश्न येत नाही, तिथे जमीन बाराही महिने उष्णता खात असते, तिला तोडून टाकली की फायदाच. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवा ३३-३४ असते, वीज गेलेली असते, आणि उघड्या पाठीला लागणारी गार जमीन हा या घरातला एकमेव एसी. घरभर इन्सुलेशन घातलं असतं तर मी एक चूक काढून दुसरी घातली असती, आणि दुसरी जास्त मोठी.

म्हणून ठरलं ते असं, की फक्त आईची खोली आणि देवखोली मातीपासून तोडायची. वसरी आणि माजघर जसे आहेत तसे, जमिनीला चिकटलेले. पावसात आईचं फिरणं मुख्यतः तिच्या खोलीत आणि देवाकडे असतं, वसरीत ती पावसाळ्यात बसत नाही, झड येते. हे सोपं वाटतंय आता लिहिताना, पण यावर आम्ही पंधरा दिवस बोलत होतो.

तुळशीचं लग्न झालं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लाद्या फोडल्या. जमीन वर चढवता येणार नव्हती, ती खालीच न्यावी लागणार होती, कारण उंबरठे. आमचे उंबरठे फणसाच्या लाकडाचे, २००८ला लाद्या चढवल्या तेव्हाच ते अर्धे बुडाले होते, आणखी चार इंच चढवले असते तर उंबरठा ही गोष्टच घरातून गेली असती आणि दारं खालून कापावी लागली असती. वरचा लाल थर, त्याखाली ६५ मिलिमीटर स्क्रीड, २५चा बोर्ड, खाली ७५चं पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, मिळून सात इंच खणायचं होतं. भिंतींच्या पायापेक्षा खोल जायचं नाही ही मेस्तांची अट, पण जोतं अडीच फूट उंच आहे, त्यामुळे भीती नव्हती.

फोडताना घर उलटं वाचल्यासारखं झालं. लादी निघाली, मग लाल कोबा, त्याच्यावर एका ठिकाणी आमच्यापैकी कुणाचं तरी लहानपणी ओल्या सिमेंटात उमटलेलं पाऊल, मग काळ्या मातीचा हातभर लांब पट्टा, पापुद्र्या-पापुद्र्यांचा, प्रत्येक पापुद्रा म्हणजे एक सारवण. आईने तो तुकडा हातात घेतला आणि वास घेतला. मी काही बोलले नाही. त्याखाली चिऱ्याचा चुरा आणि मुरूम, सत्तर वर्षं दाबून बसलेला, इतका घट्ट की गदगहून आलेली दोघं पोरं कुदळ मारून दमली. मेस्त म्हणाले याला दगडांचं सोलिंग घालायची गरज नाही, यापेक्षा चांगलं कुणी ठोकूच शकत नाही.

एका कोपऱ्यात वाळवीची वाट सापडली. वाळवी हे फोम खात नाही पण पोखरत जाते, घर करते, म्हणून खाली औषध मारल्याशिवाय पुढे जायचंच नव्हतं. पण आमच्याकडे वारूळ म्हणजे सातेरी देवी. देवळात मूर्तीच्या जागी वारूळ पुजलं जातं. आई औषध मारायच्या आधी तिथे आली, फूल ठेवलं, हात जोडले, काहीतरी पुटपुटली, आणि मग पोरांना म्हणाली, मारा. त्या मिनिटाबद्दल मला जास्त काही लिहिता येत नाही.

बोर्डाची गंमत नव्हती, त्रास होता. म्हापशातल्या एका दुकानातून मागवले तर आलं पॅकिंगचं पांढरं थर्माकोल, टीव्हीच्या खोक्यात असतं तसलं. दुकानदाराचं म्हणणं, एकच वस्तू आहे. एकच नाही. जमिनीवर टाकून त्यावर टाच दाबली तर टाच आत गेली आणि खड्डा तसाच राहिला. आमच्या खोलीच्या स्क्रीडचं वजनच दोन टनांच्या वर, त्यावर कपाट, खाट, माणसं, हे खाली दबत गेलं की वर चिरा पडणार. चांगल्या एक्सपीएस बोर्डावर त्याची ताकद लिहिलेली असते, आमच्या बोर्डावर ३०० किलोपास्कल होतं, म्हणजे एका चौरस मीटरवर तीस टन आले की तो दहा टक्के दबेल. थर्माकोलपण दाट मिळतं, जमिनीसाठी चालतं असं, पण ते मागून घ्यावं लागतं, घनता विचारून. ते सगळं परत पाठवलं, दहा दिवस गेले. मेस्तांनी तो पांढरा ढीग बघून विचारलं होतं, "जमनींत मखर घालता काय, बाय?" आणि मी पण आधी घाबरले होते की आपण काही वेड्यासारखं तर करत नाही ना.

जानेवारीत संक्रांत झाल्यावर स्क्रीडचा दिवस. त्याआधी पीसीसी होऊन सुकलं होतं, त्यावर १००० गेजचं जाड प्लॅस्टिक, सांध्यांवर फूटभर एकावर एक आणि भिंतीवर वीतभर चढवलेलं, हे देवखोलीच्या खालच्या ओलीसाठी. त्यावर बोर्ड, विटांसारखे सांधे मोडून, सगळ्या सांध्यांना टेप. १२ बाय १४च्या खोलीला बावीस बोर्ड लागले. भिंतीच्या कडेने चारी बाजूंनी १० मिलिमीटर जाड मऊ फोमची पट्टी उभी लावली. यावर मेस्त अडून बसले. त्यांचं सगळं आयुष्य जमीन भिंतीला घट्ट मिळवण्यात गेलेलं, आणि मी सांगतेय मधे फट ठेवा. मी त्यांना सांगितलं काका, ही जमीन आता होडीसारखी आहे, धक्क्याला बांधली तर फुटेल. सिमेंट सुकताना आकसतं, उन्हात फुगतं, तिला हलायला जागा हवी, आणि भिंतीला टेकली तर भिंतीची गारी परत आत येणार. त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही, पण लावली पट्टी, आणि अगदी सरळ लावली.

बोर्डांवर परत एक पातळ प्लॅस्टिक, म्हणजे सिमेंटचं पाणी सांध्यांत उतरत नाही. मग माल. एकास चार, आठ गोणी सिमेंट, प्रत्येक गोणीला १२५ ग्रॅम फायबरचं पाकीट, आणि पाणी कमी. पाण्यावरून दुसरं भांडण. आपल्याकडे माल पातळ करायची सवय आहे, पसरायला सोपा जातो, पण जादाचं पाणी उडून गेलं की मागे भेगा राहतात आणि कोपरे वर उचलले जातात, पापड उन्हात वळतो तसे. भावाने सांगितलेली परीक्षा अशी की मूठभर माल घेऊन दाबायचा, लाडू वळला पाहिजे, पाणी टपकता कामा नये, आणि लाडू हाताने फोडला की दोन तुकडे व्हायला हवेत, चुरा नाही. मेस्तांनी पहिला लाडू वळला आणि ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "हे तर जुन्या कोब्यासारखं." चुन्याचा कोबा असाच घट्ट कालवायचे म्हणे, आणि चोपत बसायचे. त्या क्षणानंतर काम त्यांचं झालं. मला काही सांगावं लागलं नाही.

अर्धा थर टाकून चोपला, त्यावर कोंबडीजाळी अंथरली, परत अर्धा थर. चोपायला त्यांनी घरून लाकडी चोपणं आणलं, दांड्याजवळ हाताच्या घामाने काळं झालेलं. घट्ट माल हवा तर तो चोपायलाच लागतो, नाहीतर आत पोकळ राहतो आणि वरून चांगला दिसतो. दोन्ही पोरं गुडघ्यावर मागे मागे सरकत होती, अॅल्युमिनियमची पट्टी ओढत, मेस्त पाण्याच्या लेव्हल ट्यूबने तिन्हीत्रिकाळ बघत होते, आणि चोपण्याचा तो आवाज, धप धप धप, घरभर. आई माजघरात बसून ऐकत होती. ती म्हणाली, खळं करतायत असं वाटतंय.

वरचा थर लाल ऑक्साईडचा करायचा हे आईनेच ठरवलं होतं. परत लादी नको. ऑक्साईड म्हणजे लोखंडाचा गंजच, आमच्या तालुक्याच्या डोंगरांतून जे खनिज वर्षानुवर्षं बार्जांतून आणि जहाजांतून बाहेर गेलं त्याचाच हा भाऊ. बाबा बार्जवर कामाला होते, त्यांचे कपडे कितीही धुतले तरी तोच रंग. हा थर खालचं स्क्रीड ओलसर असतानाच द्यावा लागतो, दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगठा दाबला तर उमटू नये पण नख टेकलं तर खूण व्हावी अशा वेळी. चार-चार फुटांवर काचेच्या पट्ट्या घालून भाग पाडले, कारण तरंगती जमीन हलणारच, तिला सरळ रेषेत फुटायची जागा दिलेली बरी. मेस्तांनी करणीने घोटायला सुरुवात केली ती सकाळी नऊला, आणि दुपारी तीनला ते दारातून बाहेर आले तेव्हा आत आरशासारखा लाल चौकोन होता. आता हे काम येणारी माणसं कमी राहिलीत. त्यांच्या मुलाला येत नाही, तो टाइल्स बसवतो, त्यात पैसे पटकन मिळतात, त्याला बोल लावता येत नाही.

मग वाट बघणं. सात दिवस गोणपाट आणि प्लॅस्टिक, सतत ओलं. आणि नंतर सुकू देणं, ज्याची कुणालाच सवय नाही. पहिल्या ५० मिलिमीटरला रोज एक मिलिमीटर धरायचा, त्यापुढच्याला दुप्पट वेळ, म्हणजे आमचे ६५ मिलिमीटर सुकायला ऐंशी दिवस. तेही सुक्या हवेत. खाली प्लॅस्टिक असल्यामुळे सगळं पाणी वरूनच जाणार. शेजारीपाजारी विचारायचे, अजून झालं नाही? खिडक्या उघड्या ठेवून रिकामी खोली. पाडव्याला आईने नारळाच्या तेलाचं फडकं फिरवलं आणि तिची चटई आत नेली.

पहिल्या पावसाळ्यात मी रोज गन घेऊन मोजत होते. तो दिवस आला, जुलैच्या मध्यावर, कोमट वाऱ्याचा. वसरीत पावलं उमटत होती, माजघरात पेपर चिकटला. आईच्या खोलीत सकाळी नऊला जमिनीवर धूसर वाफेसारखा थर होता, माझ्या पोटात गोळा आला. पण पंखा लावला, अकरापर्यंत गेला. ६५ मिलिमीटर सिमेंट पण वजनदारच आहे, त्याला गरम व्हायला दोन तास लागतात, पण दोन दिवस लागत नाहीत. दुपारी हवा २९, लादीची वसरी २६, लाल जमीन २८. ती संख्या मी वहीत लिहून ठेवलीय.

एक चूक मात्र झाली आणि ती माझीच. देवखोलीच्या खालचं पाणी प्लॅस्टिकने अडवलं, पण अडवलेलं पाणी नाहीसं होत नाही, ते बाजूला जातं, आणि बाजूला चिऱ्याची भिंत, जी स्पंजासारखी वर ओढते. ऑगस्टपर्यंत भिंतीच्या खालच्या फूटभरात रंग फुगून पापुद्रे सुटले, आधी असं कधी नव्हतं. कुणीतरी परत केमिकल सांगितलं. आम्ही दिवाळीनंतर प्लॅस्टिक पेंट खरवडून काढला, सिमेंटचा गिलावाही तेवढ्या पट्ट्यात काढला, आणि चुन्याचा गिलावा करून वर चुना दिला. भिंत अजून ओढते, पण आता ती बाहेर टाकू पण शकते. दुसऱ्या पावसाळ्यात खाली थोडा काळसर डाग येतो आणि ऑक्टोबरात जातो. परत करायची वेळ आली तर देवखोलीत मी प्लॅस्टिक घालणार नाही, काहीतरी श्वास घेणारं शोधेन, चुन्यातलं. आणि आईच्या खोलीत दाराजवळ काचेच्या पट्टीला समांतर एक केसासारखी भेग आहे, मेस्त दर चवथीला येऊन ती बघतात, बोट फिरवतात, वाढली नाही म्हणतात.

खर्च साध्या लादीच्या दीडपट झाला. आवाज बदललाय, हे कुणी सांगितलं नव्हतं. टाचेचा आवाज वसरीत टक टक येतो आणि आईच्या खोलीत गेलं की जरा भरीव, मऊ, लाकडी पेटीवर चालल्यासारखा. ती आता भिंत धरत नाही. मनगट थंडीत दुखतं तिचं.

यंदा मे महिन्यात, सुट्टी होती म्हणून मी घरीच होते, दुपारी बघितलं तर आईच्या खोलीत आई नाही. वसरीत, उघड्या जुन्या लादीवर, चटईसुद्धा न घालता, फक्त उशाला पाट घेऊन झोपली होती. मृगाचा पाऊस लागला, आठवडाभर पडला, आणि एका संध्याकाळी तिने चटई उचलली, पाट उचलला, उंबरठा ओलांडला आणि आत आपल्या लाल जमिनीवर अंथरलं.